ऑटोमॅटिक गाडीत इंजिन व गिअरबॉक्सची शिकलेली मूल्ये पुसण्याची आणि पुन्हा शिकवण्याची पद्धत

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग) साफ करून आणल्यावर गाडीचे आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो वेग) एकदम चढते, किंवा गिअरबॉक्सचे ऑईल बदलल्यानंतर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना पूर्वी कधी नसलेला झटका जाणवू लागतो. अशा वेळी गॅरेजवाल्याने काम बिघडवले असा समज होतो. परंतु पुष्कळदा काम व्यवस्थित झालेले असते आणि गाडीचा संगणक मात्र अजून जुन्या, झिजलेल्या किंवा मळलेल्या भागांच्या हिशेबाने चालत असतो. तो हिशेब पुसून नव्याने मांडायला लावण्याच्या कामाला गॅरेजमध्ये ‘ॲडॅप्टेशन रीसेट’ किंवा ‘लर्निंग रीसेट’ म्हणतात. पुढील माहिती पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत पोचवणारा) गिअरबॉक्स असलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. एएमटी (यंत्रणेने चालवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स), डीसीटी (दोन क्लचचा) आणि सीव्हीटी (गिअरचे टप्पे नसलेला) गाड्यांत जिथे पद्धत बदलते, तिथे तसे सांगितले आहे.

संगणक नेमके काय शिकतो

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, मुख्यतः दोन गोष्टी शिकतो. पहिली गोष्ट म्हणजे आयडलिंगला थ्रॉटलची झडप किती उघडी ठेवायची. झडपेच्या कडेला काजळी साचत गेली की हवा कमी पडते आणि ती भरून काढण्यासाठी संगणक झडप किंचित जास्त उघडी ठेवू लागतो. काजळी साफ केल्यावरही तो तेवढीच उघडी ठेवतो, म्हणून साफसफाईनंतर आरपीएम वर जातात. दुसरी गोष्ट म्हणजे इंधनाची दुरुस्ती, जिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ऑक्सिजन सेन्सर धुरातील ऑक्सिजन मोजतो, त्यावरून क्षणोक्षणी होणारी दुरुस्ती ही अल्पकालीन ट्रिम आणि ती सातत्याने एकाच दिशेने होत राहिली की स्मरणात जमा होणारी ती दीर्घकालीन ट्रिम. दोन्ही टक्क्यांत दिसतात. दीर्घकालीन ट्रिम शून्याच्या आसपास पाच टक्क्यांपर्यंत असणे निरोगीपणाचे लक्षण आहे. ती दहाच्या पुढे सरकू लागली की कुठेतरी हवा गळते आहे, एअर फ्लो सेन्सर मळला आहे किंवा पेट्रोलचा पंप थकला आहे, असा संशय घ्यावा. ती अधिक किंवा उणे बाजूला आणखी वाढत गेली की अनुक्रमे पी ०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) किंवा पी ०१७२ (पेट्रोल जास्त) हा दोषाचा कोड येऊन इंजिनाचा दिवा लागतो.

गिअरबॉक्सचा संगणक, म्हणजे टीसीयू, जे शिकतो ते अधिक नाजूक असते. गिअर बदलताना एका क्लचमधील ऑईलचा दाब सोडायचा आणि दुसऱ्या क्लचच्या पिस्टनमागे ऑईल भरायचे, ही देवाणघेवाण सेकंदाच्या काही दशांशांत उरकावी लागते. क्लचच्या चकत्या झिजत गेल्या की पिस्टनला थोडे जास्त अंतर कापावे लागते, म्हणजे तो भरायला थोडा जास्त वेळ लागतो. टीसीयू प्रत्येक बदलाच्या वेळी गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या फेऱ्यांवर नजर ठेवून असतो. बदल चालू असताना आरपीएम विनाकारण उसळले तर नवा क्लच उशिरा पकडला असा अर्थ काढून तो पुढच्या वेळी भरण्याचा वेळ वाढवतो. उलट दोन्ही क्लच क्षणभर एकदम पकडले जाऊन झटका बसला तर तो कमी करतो. प्रत्येक क्लचसाठी, आणि काही गिअरबॉक्समध्ये तापमानाच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी, ही मूल्ये स्वतंत्र साठवलेली असतात. ती पुसली की गिअरबॉक्स कारखान्यातून निघालेल्या नव्या चकत्यांच्या हिशेबाने वागू लागतो. चकत्या खरोखरच नव्या असतील तर हे योग्यच आहे. लाखभर किलोमीटर चाललेल्या असतील तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि पुन्हा शिकेपर्यंत तशीच चालत राहते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘आधीचा मालक हळू चालवायचा, म्हणून गाडी सुस्त झाली, रीसेट करा म्हणजे पिकअप येईल’ असे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात सर्रास सांगितले जाते. चालकाच्या सवयीनुसार गिअर लवकर किंवा उशिरा बदलण्याची सोय काही गाड्यांत असते हे खरे. परंतु ती आत्ताच्या चालवण्यावरून ठरते आणि चालक बदलला की थोड्याच अंतरात आपोआप बदलते. सुस्तपणाचे कारण एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंधनाचा दाब किंवा चिकटलेला ब्रेक यांत शोधावे.

केव्हा करावे, केव्हा टाळावे

थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा बदलली, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर किंवा एअर फ्लो सेन्सर बदलला, हवेची गळती बुजवली, यांपैकी काही झाले असेल तर इंजिनाचे रीसेट योग्य ठरते. गिअरबॉक्सच्या बाबतीत व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब वाटणारा भाग), सोलेनॉइड (तिच्यातील विजेवर चालणारी झडप), क्लच, टीसीयू किंवा संपूर्ण गिअरबॉक्स बदलल्यावर ते अनिवार्य आहे. नुसते ऑईल बदलल्यावर ते करावे की नाही, हे उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलवर सोडावे. माझ्या मते गिअर सुरळीत पडत असतील तर हात लावू नये, आणि झटका असेल तर आधी शंभर-दोनशे किलोमीटर चालवून पाहावे, कारण पुष्कळ गिअरबॉक्स तेवढ्यात नव्या ऑईलशी स्वतःच जुळवून घेतात.

इंजिनाचा दिवा लागलेला असताना, कारण न शोधता, निव्वळ दिवा घालवण्यासाठी रीसेट करू नये. कोड पुसताना दोष घडला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि ट्रिम यांची नोंदही पुसली जाते, आणि नेमकी तीच नोंद मेकॅनिकला हवी असते. गाडी वॉरंटीत असेल तर ही नोंद म्हणजे तुमच्या बाजूचा पुरावा असतो, म्हणून ती अधिकृत सर्व्हिस सेंटरने वाचून छापील प्रत देईपर्यंत कोणालाही पुसू देऊ नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरू लागल्यावर रीसेट करावे का, अशीही अलीकडे बरीच विचारणा होते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी हवेचे सुमारे १४.१ भाग लागतात आणि वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी पेट्रोल थोडे अधिक सोडावे लागते. जुन्या मिश्रणावर जुळवलेल्या गाडीत ई-२० भरल्यानंतर दीर्घकालीन ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर सरकली तर संगणक आपले काम चोख करतो आहे इतकाच त्याचा अर्थ. ती पुसून काहीही साधत नाही, कारण टाकीत तेच पेट्रोल असेपर्यंत तो पुन्हा तिथेच येऊन थांबणार.

आधीची तयारी

गिअरबॉक्सच्या ऑईलची पातळी आणि स्थिती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिपस्टिक असलेल्या गाडीत ती घरीही पाहता येते. नसलेल्या गाडीत गाडी लिफ्टवर सपाट धरून, ऑईल सांगितलेल्या तापमानाला आणून, पातळीच्या बोल्टमधून पाहावी लागते. ऑईल कमी असताना केलेले रीसेट म्हणजे संगणकाला चुकीच्या परिस्थितीचा धडा देणे होय. ऑईल काळे पडून जळका वास येत असेल तर प्रश्न चकत्यांचा आहे आणि तो रीसेटने सुटणार नाही.

बॅटरी ठणठणीत असावी. इंजिन बंद करून काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसणे सर्वसाधारणतः अपेक्षित असते. रीसेट चालू असताना व्होल्टेज कोसळले तर संगणक अर्धवट अवस्थेत अडकू शकतो, म्हणून चांगली गॅरेजेस या कामाच्या वेळी चार्जर लावून ठेवतात.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकांशी बोलणारे उपकरण, लावून सर्व संगणकांचे कोड वाचावेत आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. स्कॅनर जोडण्याचे सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याची यंत्रणा) चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली, बहुधा स्टिअरिंगच्या खाली किंवा फ्यूज बॉक्सजवळ असते. भारतात ओबीडी-२ ची सक्ती २०१३ च्या एप्रिलपासून झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीला साधा ब्लूटूथ अडॅप्टरही इंजिनापुरता जोडता येतो. सध्याची दीर्घकालीन ट्रिम आयडलिंगला आणि अडीच हजार आरपीएमला, अशी दोनदा लिहून ठेवावी. पुढे काम झाले की नाही, हे ठरवण्यासाठी या दोन आकड्यांइतका उपयोगी दुसरा आधार नाही.

बॅटरी काढण्याची पद्धत आणि तिची मर्यादा

जुन्या गाड्यांमध्ये शिकलेली मूल्ये बॅटरीच्या सततच्या पुरवठ्यावर टिकणाऱ्या स्मृतीत असत, म्हणून बॅटरी काढली की ती जात. अलीकडच्या बहुसंख्य गाड्यांत, विशेषतः गिअरबॉक्सची मूल्ये, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहिली जातात आणि बॅटरी रात्रभर काढून ठेवली तरी जशीच्या तशी राहतात. त्यामुळे बॅटरी काढून ‘गिअरबॉक्स रीसेट करून दिला’ असे कोणी सांगितले, तर स्कॅनरवर ते दाखवायला सांगावे.

तरीही साध्या, जुन्या पेट्रोल गाडीत इंजिनाच्या ट्रिमसाठी ही पद्धत वापरायची असेल तर गाडी सपाट जागी पी (पार्किंग) स्थितीत ठेवून हँडब्रेक लावावा, बॉनेट उघडावे, एक काच खाली घ्यावी आणि चावी गाडीपासून दूर ठेवावी. इग्निशन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे सर्व संगणक झोपी जातात. युरियाची टाकी असलेल्या डिझेल गाडीत तर हे थांबणे अत्यावश्यक आहे, कारण इंजिन बंद झाल्यावर नळीतील द्रव टाकीत परत खेचण्याचे काम चालू असते. मग दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह टर्मिनल सैल करून काढावे आणि ते परत टेकणार नाही असे बाजूला कापडात गुंडाळून ठेवावे. पॉझिटिव्ह आधी काढायला घेतले आणि पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला लागले तर थेट शॉर्ट सर्किट होते, म्हणून हा क्रम बदलू नये. निगेटिव्ह काढल्यावर पॉझिटिव्हला हात लावण्याची गरजच नसते. अर्ध्या तासाने टर्मिनल परत घट्ट बसवावे. दोन्ही केबल एकमेकींना जोडून ‘उरलीसुरली वीज काढण्याचा’ प्रकार आधुनिक गाडीत करू नये.

यानंतर घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर जाते, काही जुन्या स्टिरिओंना कोड लागतो आणि एका बटणाने पूर्ण वर जाणारी काच तशी जाईनाशी होते; ती काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरले की बहुतेक गाड्यांत पूर्ववत होते. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून गाडी थोडी सरळ चालवली की तो सहसा जातो. स्टार्ट-स्टॉपची सोय असलेल्या गाडीत ती काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, बंद राहू शकते. बॅटरीचा सेन्सर नव्याने मोजमाप घेत असल्यामुळे असे होते. नारिंगी जाड केबल असलेल्या हायब्रिड गाडीत यांपैकी काहीही घरी करू नये.

स्कॅनरने रीसेट

खरी खात्रीची पद्धत हीच आहे, परंतु कोणत्या स्कॅनरने कोणते काम होते हे समजून घ्यावे. स्वस्त अडॅप्टर आणि मोबाइल ॲप यांच्या साहाय्याने ‘कोड पुसा’ ही आज्ञा दिली की इंजिनाचे कोड जातात आणि अनेक गाड्यांत फ्युएल ट्रिमही शून्यावर येतात. गिअरबॉक्सच्या मूल्यांना मात्र ही आज्ञा बहुधा स्पर्शही करत नाही. त्यासाठी उत्पादकाचा स्वतःचा स्कॅनर, किंवा त्या कंपनीच्या टीसीयूशी बोलू शकणारा गॅरेजमधील महागडा स्कॅनर लागतो. टोयोटाच्या टेकस्ट्रीममध्ये ही सोय ‘रीसेट मेमरी’ या नावाने येते, फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत ‘बेसिक सेटिंग्ज’ म्हणून, आणि इतरत्र ‘ॲडॅप्टिव्ह व्हॅल्यू रीसेट’ किंवा ‘टीसीयू लर्निंग रीसेट’ अशा नावांनी.

स्कॅनर पडद्यावर ज्या अटी सांगतो त्या तंतोतंत पाळाव्यात: गाडी उभी, लिव्हर पी मध्ये, ब्रेक दाबलेला, ऑईलचे तापमान सांगितलेल्या मर्यादेत, एसी व दिवे बंद आणि टीसीयूमध्ये एकही चालू दोष नाही. आज्ञा पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत इग्निशनला हात लावू नये. त्यानंतर इग्निशन बंद करून स्कॅनर सांगेल तितके थांबावे, म्हणजे नवी मूल्ये स्मृतीत लिहिली जातात.

त्याच यादीत शेजारी इतरही आज्ञा असतात आणि खरा धोका तिथेच आहे. डिझेल गाडीत ‘इंजेक्टर कोडिंग’ म्हणजे प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला, त्याच्या मोजमापाचा सांकेतिक क्रमांक संगणकाला सांगणे. तो पुसला तर इंजिन खडखडू लागते. ‘डीपीएफ बदलला’ ही आज्ञा, धुरातील काजळी अडवणारा तो फिल्टर खरोखर न बदलता, दिली तर संगणक साचलेली राख शून्य धरतो आणि फिल्टर तुंबेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. ‘सगळे रीसेट करून टाका’ असे मेकॅनिकला कधीही सांगू नये. हवे ते एकच काम नावाने सांगावे.

इग्निशन चालू करून ॲक्सिलरेटर तळाशी काही सेकंद दाबून धरायचा, की गिअरबॉक्स रीसेट झाला, असा एक उपाय व्हिडिओंमधून फिरत असतो. पॅडल दाबण्या-सोडण्याच्या ठरलेल्या क्रमाने आयडलिंगचे शिक्षण सुरू करण्याची पद्धत काही कंपन्यांनी खरोखर दिलेली आहे, निस्सान हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु तिथे सेकंदासेकंदाचा क्रम आणि इंजिनाच्या दिव्याची उघडझाप मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, आणि ते काम इंजिनाचे असते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असे काही नसेल तर पॅडल दाबून वेळ घालवू नये.

इंजिनाला पुन्हा शिकवणे

पुसण्याचे काम पाच मिनिटांचे असते. त्यानंतरच्या तासाभरात गाडी कशी चालवली जाते, यावर सगळे अवलंबून असते. एसी, दिवे, पंखा, स्टिरिओ सर्व बंद ठेवून इग्निशन चालू करावे आणि इंजिन सुरू न करता थोडे थांबावे. कित्येक गाड्यांत या वेळी थ्रॉटल स्वतःची बंद स्थिती तपासून घेतो आणि बॉनेट उघडे असेल तर त्याची बारीक गुणगुण ऐकू येते. मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करावे.

पुढचा टप्पा कंपनीनुसार थोडाफार बदलतो. होंडाच्या पेट्रोल गाड्यांत इंजिन पी किंवा एन (न्यूट्रल) मध्ये तीन हजार आरपीएमवर रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत धरून, मग पाय काढून साधारण पाच मिनिटे आयडलिंगला सोडण्याची पद्धत आहे. इतर गाड्यांत इंजिन आयडलिंगलाच पूर्ण गरम होऊ द्यावे, पंखा एकदा चालू-बंद होऊ द्यावा, आणि मग एसी लावून आणखी काही मिनिटे थांबावे, म्हणजे वाढीव भार असतानाचे आयडलिंगही तो शिकतो. या वेळात आरपीएम थोडे वर-खाली झाले तरी घाबरून रेस देऊ नये.

दीर्घकालीन ट्रिम आयडलिंग, मध्यम वेग आणि जास्त भार अशा निरनिराळ्या कप्प्यांत साठते, त्यामुळे नंतरच्या प्रवासातही विविधता हवी: थोडा शहरातील रस्ता, थोडा सलग साठ-सत्तरचा वेग आणि मधूनमधून पाय पूर्ण काढून गाडी आपोआप मंदावू देणे.

गिअरबॉक्सला पुन्हा शिकवणे

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये ऑईल चांगले गरम झाल्याशिवाय शिक्षण सुरूच होत नाही, म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून घ्यावी. नंतर सपाट जागी थांबून, ब्रेक घट्ट दाबून, एन मधून डी (पुढे), पुन्हा एन, मग आर (मागे), असे चार-पाच वेळा करावे आणि प्रत्येक वेळी गिअर पूर्ण पकडून गाडी किंचित दबेपर्यंत काही सेकंद थांबावे. त्यानंतर रस्त्यावर थांबलेल्या अवस्थेतून निघून ॲक्सिलरेटर साधारण पाव भाग दाबून तसाच स्थिर ठेवावा आणि गिअर एकामागून एक वर जाऊ द्यावेत. पाय कमी-जास्त केला तर तो बदल शिकण्यासाठी ग्राह्य धरला जात नाही. वरचा गिअर पडल्यावर पाय काढून, हलका ब्रेक लावत गाडी पूर्ण थांबवावी, म्हणजे उतरत्या क्रमाचेही शिक्षण होते. ही फेरी चार-पाच वेळा करावी. सहा गिअरच्या गिअरबॉक्ससाठी ह्युंदाई-किया यांची सर्व्हिस पद्धतही साधारण याच धर्तीची आहे.

यासाठी रस्ता विचारपूर्वक निवडावा. पुन्हापुन्हा थांबायचे असल्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथे उपयोगाचा नाही. तिथे वाटेत थांबणे धोक्याचेही आहे आणि बेकायदेशीरही. घाटातही जाऊ नये, कारण चढ-उतार ओळखून टीसीयू गिअर बदलण्याची तऱ्हाच बदलतो. पहाटेच्या वेळी औद्योगिक वसाहतीतील एखादा लांब, सपाट, मोकळा रस्ता सर्वांत सोयीचा, आणि मागून येणारे वाहन नाही याची आरशात खात्री केल्याशिवाय एकदाही थांबू नये.

एएमटी गाडीत गिअरबॉक्स मूळ मॅन्युअलच असतो आणि क्लच दाबण्याचे काम यंत्रणा करते. तिला क्लच नेमका कुठे पकडू लागतो तो बिंदू ठाऊक असावा लागतो. भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून रुळलेल्या या प्रकारात क्लच प्लेट बदलल्यावर हा बिंदू स्कॅनरनेच शिकवावा लागतो. इंजिन चालू ठेवून आज्ञा दिली की यंत्रणा स्वतःच क्लच आणि गिअर हलवून पाहते आणि टकटक असा आवाज येतो, तो ऐकून दचकू नये. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीमध्येही (फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीसीटीत) हेच तत्त्व दोन क्लचना लागू होते आणि बेसिक सेटिंग्जनंतर ठरावीक पद्धतीने गाडी चालवणे आवश्यक असते. हे काम त्या गाड्यांची सवय असलेल्या मेकॅनिककडेच द्यावे. सीव्हीटीमध्ये गिअरचे टप्पे नसल्याने वरील फेऱ्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे मुख्यतः दाबाचे कॅलिब्रेशन असते आणि ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच करावे.

नंतरची तपासणी

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा स्कॅनर लावून ट्रिमचे आकडे आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी मांडावेत. दोन्ही ठिकाणी पाच टक्क्यांच्या आत असतील तर इंजिनाचे काम झाले. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि अडीच हजारांवर ठीक असेल तर इनटेकमध्ये हवा गळते आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि वेगात वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा एअर फ्लो सेन्सरकडे पाहावे. पीयूसी करायची असेल तर ती याच्यानंतर करावी, कारण ट्रिम स्थिरावण्याआधी धुराचे आकडे भरकटलेले येऊ शकतात.

गिअरबॉक्सचा झटका तेवढ्या अंतरात कमी होत गेला पाहिजे. तो एकाच ठरावीक बदलावर, गरम ऑईल असतानाही तसाच राहिला तर पुन्हा रीसेट करायला लावू नये. त्या बदलात कोणता क्लच आणि कोणता सोलेनॉइड काम करतो हे मेकॅनिकला मॅन्युअलमधून काढायला सांगावे आणि दाबाची प्रत्यक्ष चाचणी करून घ्यावी.